बारवेच्या फलकावरची ओळ

बोरीजवळच्या एका गावात जुन्या बारवेवरून, पायऱ्यांच्या त्या विहिरीवरून, पंचायतीत सरळ दोन तट पडले. पंचायत सदस्य परमेश्वर म्हणायचा, बारव बुजवा, वर दुकानांचे गाळे काढा, गावाला उत्पन्न होईल. बन्सीधर मास्तरांचं म्हणणं, बारवेला वारसा म्हणून ठरावानं जपा, भोवताली नवं बांधकाम बंद करा, दगड हलवील त्याला दंड लावा. मतं समसमान पडली आणि निर्णायक मत सरपंच धम्मशीलेवर आलं. तिनं पुढच्या सभेपर्यंत वेळ मागून घेतला.

घरी सासू मालनबाई ज्वारी पाखडत बसली होती. सगळं ऐकून हात न थांबवता म्हणाली, "बुजवा की. कुणाचं काय जातंय?"

"तुमी कधी उतरलात का आत?"

"आमाला कोण उतरू देतंय? वर कडंला घागर ठिवून बसायचं. कुणाला दया आली तर वरून पाणी वतायचं. एकदा दिवस कलला तरी कुणी वतलं न्हाई. कडंवर लेकरू रडायलतं."

म्हातारीनं सूप झटकलं.

दुसऱ्या दिवशी धम्मशीला एकटीच बारवेत उतरली. पायऱ्यांवर प्लास्टिकचा कचरा, कोनाड्यांत कबुतरं, तळाशी हिरवं पाणी. तरी बारव देखणी होती, हे तिला कबूल करावं लागलं. कबूल करताना तिला संताप आला.

सभेत ती म्हणाली, "बारव राहू द्या. माझं मत ठरावाला. पण ठरावात अन् फलकावर एक ओळ घाला. या पायऱ्या आमच्या वस्तीतल्या माणसांना उतरू दिल्या जात नव्हत्या."

मास्तर चपापले. "ताई, झालं गेलं. जुनं कशाला उकरायचं?"

"मास्तर, जुनं जपायसाठीच तर ठराव हाय. मंग सगळंच जपा की."

परमेश्वर मोठ्यानं हसला. मास्तरांनी चष्मा काढून पुसला. मग ग्रामसेवकाकडं न बघताच म्हणाले, "लिहा."

फलक लागला. आठवड्याभरात त्या एका ओळीवर कुणीतरी डांबर फासलं. धम्मशीला कळल्यावर तिथं पोचली, तर बन्सीधर मास्तर रॉकेलच्या बोळ्यानं अक्षरांवरचं डांबर पुसत होते. तिनं दुसरा बोळा घेतला आणि खालच्या बाजूनं पुसायला सुरुवात केली.

उन्हाळ्यात गाळ निघाला, पाण्याचा झरा लागला. बघायला परभणीहून माणसं येऊ लागली. धम्मशीलेनं सासूला म्हटलं, "चला, मी हात धरते, सावकाश उतरू."

"आता उतरून काय करू?" मालनबाई म्हणाली. "नळ हाय की घरात."