झोपेची राखण

सुषमाची गाडी नवव्या पायरीवर अडायची. पायऱ्या होत्या सतरा.

दौंडच्या हॉस्पिटलात तिच्या नवऱ्याला, मल्हारला, तीन आठवडे होत आले होते. दोन्ही किडन्यांनी हात टेकलेले. पोटात नळी बसवली होती. तिच्यातून औषधाचं पाणी दिवसातून चार वेळा आत सोडायचं नि काढायचं, एवढं घरच्या माणसाला जमलं तर मल्हार वडगाव रासाईला आपल्या घरी राहणार. नाही जमलं तर आठवड्यातून तीनदा पुण्याला मशीनवर, तेही नंबर लागला तर. आणि जोडताना नळीच्या तोंडाला कशाचा स्पर्श झाला, तर पोटात जंतू शिरून जिवावर बेतणार.

एवढं सुषमाला पक्कं ठाऊक होतं. हे करायच्या सतरा पायऱ्या तेवढ्या डोक्यात राहत नव्हत्या. मंगळवारी शिकवलं, बुधवारी डोकं कोरं. गुरुवारी तर नळी पिशवीला जोडायच्या आधीच तिनं चिमटा उघडला आणि सरावाच्या बाहुलीतलं पाणी टेबलभर झालं. बारावी झालेली, सहा एकरांचं ठिबक एकटीनं सांभाळणारी बाई; लाजेनं तिला रडू आलं.

"रात्री किती झोपता?" करिश्मा सिस्टरनं विचारलं.

"झोपते की. बसल्या बसल्या."

साफ खोटं. सासूबाई, कुशाबाई, दर तासाला तिचा दंड हलवायच्या. "ऊठ गं, बघ त्याचा श्वास." त्यात दुष्टावा नव्हता. अर्धं आयुष्य मेंढरांमागं गेलेलं. राखणीला बसलेल्यानं झोपायचं नसतं, एवढंच त्यांना माहीत.

सिस्टरनं दोघींना समोर बसवलं. "दिवसा शिकलेलं डोक्यात नुसतं येऊन पडलेलं असतं. ते जागच्या जागी लावायचं काम झोपेत होतं. आधी गाढ झोप लागते, तिच्यात शिकलेलं घट्ट बसतं. मग स्वप्नांची झोप, तिच्यात नवं जुन्याशी जुळतं. असे फेरे पहाटेपर्यंत चालतात. तुम्ही दर तासाला उठवता आजी, फेरा पुरा होणार कधी? उद्या अकराला शेवटचं बघणार. नाहीतर डॉक्टर पुण्याची चिठ्ठी देतील."

कुशाबाई खाली बघत म्हणाल्या, "ह्याचा बाप आजारी व्हता तवा घटकाभर माझा डोळा लागला. उठून बघते तर अंग गार. तवापसनं मला झोपंचंच भ्या वाटतं."

लग्नाला चौदा वर्षं झाली, सुषमानं हे पहिल्यांदा ऐकलं.

"आज मी एकटी राखते," कुशाबाई म्हणाल्या. "तू झोप. हाक मारायची न्हाई म्हंजी न्हाई."

संध्याकाळी सिस्टरनं सगळ्या पायऱ्या पुन्हा करून घेतल्या. सुषमा व्हरांड्यात आडवी झाली ती थेट उजाडल्यावर उठली. धावत आत गेली तर मल्हारची चादर बदललेली. त्याला दोनदा उलटी झाली होती. कुशाबाईंचे डोळे लाल होते, पण हाक त्यांनी मारली नव्हती.

अकरा वाजले. आता बाहुली नाही, मल्हारच. पंखा बंद, खिडक्या बंद, सगळ्यांना मास्क. सुषमानं हात धुतले, पिशवी तपासली, एकेक पायरी मागं पडत गेली. नववी. तिनं टोपण काढलं, नळीचं तोंड उघडं पडलं. मल्हार घामानं निथळत होता. आईला राहवेना, पोटावरचा घाम पुसायला कुशाबाईंनी पदर पुढं केला.

"आत्याबाई, हात मागं घ्या."

असा आवाज त्या घरात सुनेनं कधी काढला नव्हता. कुशाबाईंचा हात हवेतच थांबला. सिस्टर श्वास रोखून बघत होती. सुषमानं नळी पिशवीला जोडली, फिरवून घट्ट केली आणि मगच चिमटा उघडला. पुढं काय, हे तिला शोधावं लागलं नाही. हात आपोआप चालत होते. सतराव्या पायरीला नवं टोपण बसलं तेव्हा कुठं तिनं मान वर केली.

"न्या घरी," सिस्टर म्हणाली आणि कागदावर सही केली.

सुषमानं बिचकत सासूकडं पाहिलं. "आत्याबाई, मघाशी मी..."

"बरं केलंस," कुशाबाई म्हणाल्या. "घरी बी असंच म्हन. मी विसरंन."

एवढं बोलून त्या बाकावर टेकल्या आणि बघता बघता घोरायला लागल्या. डिस्चार्जचे कागद यायला दुपारचे तीन वाजले. तोवर सुषमानं कुणाला त्यांना हाक मारू दिली नाही.