चांदीचा मुक्काम नळदुर्ग

शामलाबाईंनी अणदूरच्या शाळेत नववीच्या मराठीसाठी ब्लॉग काढला, तेव्हा बरेच दिवस त्याला वाचक एकच होता, आणि तोही चहावाला. ईरण्णाचं हॉटेल शाळेच्या फाटकासमोरच. मुलं सहलीवर लिहोत, आजोळावर लिहोत, नाहीतर विहिरीवरची मोटार जळाल्यावर लिहोत, खाली ईरण्णाची प्रतिक्रिया ठरलेली: दोन जोडलेले हात आणि 'छान'. मुलं वैतागली. ज्याच्यासाठी लिहायचं तो रस्ता ओलांडला की समोरच भेटतो, मग लिहायचं कशाला?

तिकडे नळदुर्गात गौरीशंकर सरांच्या ब्लॉगचंही हेच रडगाणं. सर आणि शामलाबाई बी.एड.ला एका वर्गात होते, आणि एकमेकांची खोडी काढल्याशिवाय दोघांनाही तेव्हापासून अन्न गोड लागत नसे. त्यांनी ठरवलं, ब्लॉग एकच करू, दोन्ही वर्ग त्यावर लिहितील. ठरलं आणि लगेच भांडण लागलं. आधी नाव कुठल्या गावाचं?

तोडगा खंडोबानं काढून दिला. या दोन गावांत देव एकच. वर्षाचा बराचसा काळ तो अणदूरला राहतो, हिवाळ्यात काही आठवडे नळदुर्गला जातो आणि पौषातली यात्रा झाली की परत येतो. नेणं-आणणं होतं ते दोन्ही गावांच्या रीतसर कराराने.

"मग ब्लॉग बी तसाच," सर म्हणाले. "देव जिथं, ब्लॉग तिथं. पासवर्ड देवासंगं जाईल, देवासंगं येईल. एका पोरानं दुसऱ्याच्या कानात सांगायचा."

शामलाबाईंना हे इतकं पसंत पडलं की पुढचा विचार करायचा राहूनच गेला. ब्लॉगला नाव दिलं 'फिरतं बिऱ्हाड'.

राहून गेलेला विचार म्हणजे शिवांजली.

ही मुलगी मागच्या बाकावर बसायची. वाचून दाखव म्हटलं की पुस्तक तोंडापुढे धरून त्याच्याशीच काहीतरी पुटपुटायची. पण ब्लॉगवर तिनं एका शेळीची गोष्ट सुरू केली आणि भागामागून भाग लिहीत सुटली. शेळीचं नाव चांदी. ही चांदी तलाठ्याचा रुमाल खायची, एसटीत चढून कंडक्टरशेजारी बसायची, ग्रामसभेत सगळ्यांच्या आधी मत मांडायची. हळूहळू माकणीहून, पुण्याहून, कुठून कुठून माणसं विचारू लागली, पुढं काय झालं? ईरण्णानंसुद्धा 'छान' सोडून पहिल्यांदा एक आख्खं वाक्य लिहिलं: 'रुमाल पचला का?'

मग देव नळदुर्गला गेला. पासवर्ड गेला. चांदी त्या वेळी एसटी स्टँडच्या पत्र्यावर उभी होती आणि खाली माणसं जमली होती.

आठवडाभरात नळदुर्गच्या यज्ञेश नावाच्या मुलानं पुढचा भाग लिहून टाकला. त्यात चांदीला पत्र्यावरून उतरवलं, बाजारात नेलं आणि खाटकाला विकलं. खाली ठसठशीत अक्षरात: समाप्त.

दुसऱ्या दिवशी शिवांजली बाकावर डोकं टेकून बसली ती उठेचना. मधल्या सुट्टीत शामलाबाई तिच्याशेजारी जाऊन बसल्या.

"अगं, गोष्टच आहे ती."

"तुमाला गोष्ट हाय, बाई." डोकं न उचलता ती म्हणाली. "खरी चांदी दिवाळीतच इकली तात्यांनी. म्या घरी नव्हते. आले तर नुसतंच दावं." मग नखानं बाक कोरत, "लिव्हीत व्हते तवर जिती व्हती."

शामलाबाईंनी त्या गोष्टीचं भर वर्गात 'विनोदी लेखन' म्हणून कौतुक केलं होतं. संध्याकाळी त्यांनी सरांना फोन लावला.

"तो खाटकाचा भाग काढा."

"करार तुमीच केलाय, शामलाबाई. देव हितं हाय तवर बिऱ्हाड आमचं."

"अहो सर, पोर जेवत नाहीये."

"पण पोराचं लिहिलेलं मास्तरानं पुसायचं व्हय? ह्यो यज्ञेश जन्मात दोन ओळी लिहीत नव्हता. तुमच्या पोरीचं वाचून लागलाय लिहायला."

दाव्याची गोष्ट सांगितली असती तर सर विरघळले असते, पण ती शिवांजलीची होती. बाईंनी फोन ठेवला आणि सकाळी शिवांजलीच्या हातात दिला.

"लिहायची किल्ली तिकडं आहे. पण खालचा प्रतिक्रियांचा रकाना सगळ्यांना उघडा आहे. विचार त्याला."

"काय इचारू?"

"तुझी शेळी तुला ठाऊक. त्यानं बघितलीय का?"

शिवांजलीनं नाक पुसलं आणि लिहिलं: 'विकलेल्या शेळीचा डावा कान कसा होता?'

दुपारी उत्तर आलं: 'कानासारखा.'

'चांदीचा डावा कान फाटका आहे. पहिल्याच भागात लिहिलंय. तुम्ही न वाचताच शेळी विकली का?'

खाली ईरण्णा: 'उत्तर द्या साहेब. गिऱ्हाईक खोळंबलंय.' त्याखाली माकणीच्या कुणीतरी: 'खाटकाचा पत्ता द्या, आम्ही बघून येतो.'

अखेर उत्तर उमटलं: 'वाचलं होतं, घाईत विसरलो. मग मी विकली ती कोण?'

'ते तुम्ही शोधा. तुमच्या गावची आहे.'

हे भांडण यात्रेपर्यंत पुरलं. हॉटेलात ईरण्णा ते मोठ्यानं वाचून दाखवायचा. एकदा बाई म्हणाल्या, वर्गातही होऊ दे. शिवांजली उठली आणि तिनं दोघांच्याही आवाजात वाचलं, यज्ञेशचा जरा जास्तच बावळट काढून. तोंडापुढे काही धरलं नव्हतं. तरी जागेवर बसताना तिनं हळूच विचारलं, "पण समाप्त तसंच हाय न्हवं, बाई?"

तसंच होतं.

यात्रा झाली, देव परतला. अणदूरच्या वेशीत पालखीपुढे भंडारा असा उधळला की माणसातलं माणूस ओळखू येईना. त्या पिवळ्या गर्दीतून गौरीशंकर सर एका उंच, काटकुळ्या मुलाला दंडाला धरून घेऊन आले. त्याच्या पापण्यासुद्धा पिवळ्या होत्या.

"तूच का खाटीक?" शिवांजलीनं विचारलं.

"व्हय." मुलगा पायाकडं बघत म्हणाला. "लई भांडती बाई तू."

"घावली का ती शेळी?"

"हुडकतोय."

मग तो वाकला आणि तिच्या कानात पासवर्ड सांगितला. शिवांजलीनं त्याच्याकडं रोखून बघितलं.

"परत सांग."

त्यानं परत सांगितला. ती हसली आणि हसता हसता भंडारा तोंडात गेल्यानं खोकत सुटली.

"त्यानंच बदललाय कालच्याला," सर शामलाबाईंना म्हणाले. "मला बी सांगत न्हाय."

दुसऱ्या दिवशी संगणकाच्या खोलीत बाई शिवांजलीच्या मागे उभ्या राहिल्या. उगाच, पंखा तिथं होता म्हणून. पोरगी एका बोटानं इंग्रजी अक्षरं शोधत होती, त्यामुळे वाचायला काही अवघड गेलं नाही: चांदी जिती हाय.

बाईंनी विचारलं, "किल्ली आता आपली. बदलायची का?"

"नगं. ऱ्हाऊ द्या."

"आणि त्याचा तो भाग? पुसायचा?"

शिवांजलीनं थोडा विचार केला. "त्यो बी ऱ्हाऊ द्या. त्यानं कुणाला तरी इकलंच की."

आणि 'समाप्त'च्या खाली तिनं नवा भाग सुरू केला. बाजारात गेली ती दुसरीच. चांदी पत्र्यावरून मागच्या बाजूनं उतरली होती. नळदुर्गचा किल्ला बघितला, यात्रा बघितली, दोघा-तिघांची पागोटी चावली आणि पालखीच्या मागं मागं चालत अणदूरला आली. अंग सगळं पिवळं.

तिचा हात उचलला जातो न जातो तोच खाली समोरच्या हॉटेलातून प्रतिक्रिया आली.

'भंडारा पचला का?'