चाळिशीनंतरचा दमा

पाचोऱ्यात आमच्या खोलीत सकाळचे ऊन थेट येत नसे. आधी ते समोरच्या जिनिंगच्या पत्र्यांवर उतरे, तिथून फिके होऊन आमच्या चुन्याच्या भिंतीवर सरके, खुंटीवरच्या लुगड्याला पिवळसर करी आणि मग कुठे जमिनीला टेके. त्या तिरप्या पट्ट्यात कापसाचे तंतू तरंगत असत. त्यांना खाली यायची घाई नसे. मी अंथरुणातून ते पाही आणि मायचा श्वास ऐके. आत जाताना तो तुटक असे, बाहेर पडताना शिट्टीसारखा लांबे.

दर हंगामात माय त्याच जिनिंगमध्ये कापसातला कचरा वेची. दमा तिला चाळिशी उलटल्यावर लागला. मला तो बालपणी होता आणि मिसरूड फुटता फुटता नाहीसा झाला. माय त्याचे श्रेय गिरणाकाठच्या वैद्याला देई. दर कोजागिरीला चांदण्यात ठेवलेली त्याची औषधी खीर ती मला पहाटे खाऊ घालत असे.

जळगावच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितले होते, "तुझा दमा लहानपणचा. तसा पुष्कळांचा वयाबरोबर निवतो. आईंचा उशिरा आलेला आहे, तो सहसा मुक्काम करतो. पंप रोज घ्यायचा आणि कापसाची धूळ सोडायची."

मी मायला फक्त पंपाचे सांगितले. त्या वर्षी कोजागिरी जवळ आली तसा तिने पंपही बाजूला ठेवला. खिरीआधी दुसरे औषध चालत नाही, हा वैद्याचा नियम होता.

"तुना गया, मना बी जाई," ती म्हणाली. "दमा काय वय इचारस?"

मी हो म्हणालो. पंप मात्र गुपचूप खिशात टाकला.

पहाटे खीर खाऊन आम्ही नदीकाठाने परतत होतो. शेजारची बेबाबाई सोबत होती. "यशोदाक्का," ती म्हणाली, "पोरना दमा तूच लई लिधा. आते कोनले देशी?"

माझा दमा तिने स्वतःवर घेतला, या थट्टेवर माय हसली. ते हसू खोकल्यात गेले आणि खोकला थांबेना. ती बांधावर बसली, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवले, ओठ निळसर झाले. मी पंप तिच्या तोंडाशी धरून दाबला. पुन्हा एकदा दाबला. हळूहळू तिच्या खांद्यांची ओढ सैल झाली.

मग ती मला म्हणाली, "खीर लागू पडी गई, भाऊ. सोमवारपासून कामले जास."

बेबाबाई माझ्याकडे पाहत होती. मी मायशेजारी बसलो आणि डॉक्टरांचे उरलेले बोलणे तिला सांगितले.

माझा दमा खिरीने गेला नव्हता, आणि मायचा जाणार नव्हता.