खांद्यावरून आलेलं आडनाव

मित्रांनो, मी कापूस पिंजायची एक जुनी धनुकली आहे. वरोऱ्यात बाबूभाई पिंजारींच्या घरी खुंटीला टांगलेली असते. त्या घरातला शेवटचा साधा दिवस मला नीट आठवतो.

त्या दिवशी बाबूभाई शेजारच्या सुगंधाबाईंची उशी भरत होते. नागपूरहून आलेल्या अंजुमने, त्यांच्या एकुलत्या एका लेकीने, पिशवीतून प्लास्टिकची छोटी नळी काढली. त्यात थुंकून ती डीएनए तपासणाऱ्या कंपनीला पाठवली की पूर्वज कुठले ते कळणार होतं.

"अब्बा, अर्धा तास काही खायचं नाही. मग यात थुंकायचं."

"थुंक्याचे पैसे घेतेत का ते?" बाबूभाई म्हणाले. "आपल्या चौकात तं लोकं फुकट थुंकून राह्यले."

"राजा निंगाले तं आमाले इसरू नका, बाबूभाऊ," सुगंधाबाई म्हणाल्या.

"राजा निंगालो तरी तुमची उशी मलेच भरा लागन, बाई."

त्या अर्ध्या तासात बाबूभाईंनी आपलं आडनाव कसं पडलं ते सांगितलं. अंजुम मोबाइलवर होती. मधूनमधून 'हं' म्हणत होती. मग थुंकायची वेळ झाली आणि नळीत लाल रंग उतरला. बोलता बोलता बाबूभाईंनी सवयीने तंबाखू-सुपारीचा खर्रा तोंडात टाकला होता.

"अब्बा, एवढंही कळत नाही तुम्हाला?"

"खर्रा खाल्ला, पण थुंक तं माहीच हाये ना."

ती रागावली, आणि तीच नळी पाठवून नागपूरला गेली. नवव्या दिवशी सकाळी बाबूभाई उठलेच नाहीत. त्यांचा चाळिसावा दिवस झाल्यावर कंपनीचं पत्र आलं. नमुना निकामी होता, सोबत दुसरी नळी मोफत पाठवली होती.

माझा दांडा आलापल्लीच्या सागाचा. बाबूभाईंच्या आजोबांनी तो तासला. तीन पिढ्यांनी मला खांद्यावरून गावोगाव नेलं. माझा आवाज आला की बाया जुन्या गाद्या अंगणात आणून टाकत. 'बाबूभाईच्या हातचा कापूस वर्षभर बसत नाही,' म्हणत. मग पिंजायची मशीन आली आणि मी खुंटीवर गेले. कापूस पिंजणारी माझी ताणलेली दोरी, माझी तात, सैल पडली. त्याचं मला दुःख नाही. पण घरातलं माणूस बोलत असताना तुम्ही मान वर करून ऐकत जा, एवढं माझं मागणं आहे. नळी दुसरी मिळते.

परवा अंजुमने मला खाली उतरवून पुसलं. सुगंधाबाई दारात आल्या.

"भंगारात देतं का वो माय हे?"

"नाही, काकू. त्या दिवशी अब्बा आडनावाचं काय सांगत होते? तुम्ही ऐकलं होतं ना?"

सुगंधाबाई उंबऱ्यावर टेकल्या. "त्याईच्या बापाले तुहे पणजोबा शाळेत टाकाले गेले, तवा मास्तरनं आडनाव इचारलं. आडनाव होतंच कुठी? पणजोबाच्या खांद्यावर हे होती. मास्तरनं हिच्याकडे पाह्यलं अन् पिंजारी लिवलं. लय हासून सांगत होते बाबूभाऊ."

अंजुम बराच वेळ माझ्या दांड्यावरून हात फिरवत राहिली.

"कॉलेजात मी पिंजारी काढून शेख लावलं, काकू," ती म्हणाली. "मले लाज वाटे. अब्बाले मालूम होतं. ते कधी बोलले नाई. मी बी नाई बोलली."