एकाच पायातली चप्पल
तोंड धुताना डोळे मिटले की मी पडतो. परवा तर माझ्या केळीच्या वाडीतल्या बावखलाच्या, म्हणजे तळ्याच्या, काठावरून सरळ पाण्यात! शेजारच्या काशीरामने वर ओढलं आणि आधी काय केलं, तर माझं तोंड हुंगलं. झालं! अख्ख्या गिरीज गावात बोभाटा, जयवंतने पुन्हा सुरू केली म्हणून.

अरे, देवाशप्पथ, थेंब घेतलेला नाही! संकेत, आमचा मुलगा, बारावीला होता तेव्हा यमुनेने, माझ्या बायकोने, माझा हात आपल्या डोक्यावर ठेवून शपथ घातली: दारू बंद, आणि दारूसोबत लागतात म्हणून मासळी-अंडीही बंद. दूध मला पचत नाही. वरणभात आणि केळ्यांवर इतकी वर्षं काढली. तरी ती रोज संध्याकाळी जवळ येऊन वास घेते. संकेत म्हणतो, "बाबा, वाडी विकू, नायगावला फ्लॅटवर चला." म्हणजे पाय माझे लटपटणार आणि जाणार माझी वाडी!

डॉक्टर करून झाले. एकाने कमरेला पट्टा दिला, दुसऱ्याने साखर तपासली. चपला दाराबाहेर काढायच्या, आत जाऊन तपासायच्या टेबलावर झोपायचं, गोळ्या घेऊन परत यायचं.

काल डॉक्टर प्रिस्कांकडे गेलो. दारात चपला काढायला वाकलो, तर एकाच पायात चप्पल.

यमुना फणकारली, "शुद्धीत असता तर कळलं असतं!"

डॉक्टरबाईंनी ते ऐकलं. "काका, चप्पल निघाली तरी कळत नाही?"

"मागे वळून बघितलं की कळतं!" मी चिडून म्हणालो.

त्यांनी पाय जुळवून उभं केलं. डोळे उघडे होते तोवर ठीक. "आता मिटा." मी कलंडलो, यमुनेनेच सावरलं. मग एक लोखंडी चिमटा वाजवून पायाच्या अंगठ्यावर टेकवला. "थरथरतंय?" छे! मनगटावर टेकवला तेव्हा कुठे जाणवलं.

"ही दारू नाही," त्या यमुनेला म्हणाल्या. "पायांची खबर वर नेणारी पाठीच्या कण्यातली नस खराब होतेय. बी-ट्वेल्व्ह जीवनसत्त्व संपलेलं दिसतंय. रक्त घेऊ, इंजेक्शन आजच सुरू. किती भरून येईल, आत्ता सांगता येणार नाही. ते मासे, अंडी, दुधातून मिळतं. खात नाहीत का?"



"सांग ना आता शपथेचं!" मी यमुनेवर ओरडलो. "हुंग, अजून हुंग!"

बाहेर थांबवलेल्या रिक्षातून तिने दुसरी चप्पल शोधून आणली आणि खाली बसून माझ्या पायात सारली. तिचा हात पायाला लागलेला मला नुसता दिसला.

"वाडी कुठे जात नाही," ती वर न बघता म्हणाली. "आणि मासळी-अंड्यांची शपथ सुटली."