उशाशी ठेवलेली कॉफी

तोराजाच्या त्या डोंगरगावात पाहुणा अंगणात शिरला तेव्हा इंदो सांपे, म्हणजे सांपेची आई, कॉफीच्या बिया पाखडत होती. उंच, पिकल्या केसांचा, घामाने निथळणारा गोरा. बाहेर आलेले कान बघूनच तिने ओळखलं, हा हेनचा धाकटा भाऊ, योस्ट! हेन किती सांगायचा त्याच्याबद्दल. लहानपणी गोठलेल्या कालव्यावर हा धडपडायचा आणि दोष बर्फाला द्यायचा.

मोडक्यातोडक्या इंदोनेशियनमध्ये योस्ट म्हणाला, "भाऊ हरवलाय माझा. हॉलंडहून आलोय. मकासर बंदरापासून दारोदार विचारतोय."

"हरवतोय कुठला? आत आहे की! आजारी आहे जरा."

योस्ट पायरीवर मटकन बसला आणि पोरासारखा हसत सुटला. "बाजारातही हेच म्हणाले, म्हणून औषधं आणलीत." त्याने पिशवी उघडून दाखवली. गोळ्या आणि संत्री.

"आधी कॉफी घे बाबा. भाऊ काय पळून जातोय?"

कॉफी उकळेपर्यंत तिला जुने दिवस आठवत राहिले. कोरीवकाम शिकायला म्हणून महिनाभरासाठी आलेला हेन. पहिल्याच दिवशी रेड्याने त्याला चिखलात लोळवलं, तर हाच सगळ्यांत मोठ्याने हसला. मग तो राहिलाच. तिच्या मुलाला, सांपेला, त्याने सायकल शिकवली, तिचा नवरा गेला तेव्हा खांदा दिला. त्याच्या शिट्टीशिवाय घराला सकाळच होत नसे.

"जेवतो का?" योस्टने विचारलं.

"छे! ताट ठेवते, तसंच उचलते. पण कॉफी उशाशी ठेवल्याशिवाय मलाच चैन पडत नाही."

तिने त्याला आतल्या खोलीत नेलं. "हेन, बघ कोण आलंय! तुझा बर्फवाला."

योस्टने पांघरुणाखालचा हात हातात घेतला आणि ओरडला, "हा मेलाय!"

इंदो सांपे दचकली. रेडा कापून निरोप दिल्याशिवाय तो शब्द तोराजात कुणी उच्चारत नाही. तोवर माणूस आजारीच. औषध टोचून जपलेला हेन सुगीपासून असाच आजारी होता, आणि ते ऐकून हसलेला माणूस मात्र तिने आजच पाहिला. याला ठाऊकच नाही, हे तेव्हाच तिला कळायला हवं होतं.

"तुम्ही मला हसू दिलंत!"

"चुकलं रे माझं. सांपे कधीचा म्हणतोय, उरकून टाकू. मीच अडून बसले. रक्ताचं कुणी आल्याशिवाय निरोप कसा द्यायचा?"

योस्टने हेनचा हात सोडला नाही. "बापाच्या मातीला आला नाही म्हणून मी बोलणंच टाकलं होतं. तेवढं मिटवायला आलो होतो."

"मग मिटव की. आजारी माणसाशी कुणी बोलत नाही का?"

तिने ताजी कॉफी हेनच्या उशाशी ठेवली आणि दार ओढून घेतलं. बराच वेळ आतून त्या परक्या भाषेतली कुजबुज ऐकू येत होती. मधेच रडणं. नंतर चक्क हसू! बाहेर बसल्या बसल्या तिचेही डोळे वाहू लागले. किती दिवसांनी त्या खोलीत कुणी हसलं होतं.

संध्याकाळी सांपे रेड्याला पाणी पाजून आला. "आई, आता भाऊही आला. दिवस ठरवायचा ना?"

दारात योस्ट उभा होता. डोळे लाल, हातात रिकामा कप. भावाची कॉफी त्यानेच पिऊन टाकली होती.

"इतक्यात नको," तो म्हणाला. "तो आजारी आहे."