दोन बाकांची सोयरीक

भाच्यासाठी मुलगी बघायला आम्ही बागेत जमलो, तर तरणाबांड रखवालदार आडवा आला. "परवान्याशिवाय घोळका करून बसायचं नाही. एका बाकावर दोघंच."

म्हणून मुलगी आणि तिची आई एका बाकावर, भाचा आणि मी पार तळ्यापलीकडच्या. मी ओरडून विचारलं, "स्वयंपाक येतो का गं?"

हा पुन्हा हजर! "बागेत ओरडायला मनाई आहे."

माझं डोकंच फिरलं. "मग तूच जा आणि विचारून ये!"

बिचाऱ्याने खरंच हेलपाटे घातले. आमचा ठोंब्या मात्र मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेला.

शेवटी म्हटलं, "आता पसंतीचं विचार."

रखवालदार लाजत परतला. "पसंत आहे म्हणाली, मावशी. पण तुमचा भाचा नव्हे."